फ्लेक्सवरचं नाव

बेल्हे, २४ एप्रिल २००८

त्या सकाळी मी अंगण झाडून सडा टाकला होता, शेळीपुढे पाला टाकला होता आणि टाकीवरून दुसरी खेप आणून हंडा उतरवत होते. पीठ परातीत मळून ठेवलेलं, चूल नुकती पेटलेली. तेवढ्यात कपिलची मोटरसायकल दारात येऊन थांबली. तो खाली उतरलाच नाही.

"मावशी, लुगडं बदल. नारायणगावला जायाचंय."

"कोण गेलं?" मी विचारलं. भल्या सकाळी माणूस न्यायला आलं की आपल्या तोंडात दुसरं काय येणार?

"गेलं न्हाई कुणी. आलंय. तुझी पोरगी आलीय चौकात."

"प्रतीक्षा?"

"आता बस तर खरं!"

चूल विझवून मी तशीच त्याच्या मागे बसले. प्रतीक्षा, पत्राच्या वर आधी जय भीम लिहायचा असतो, तो राहूनच गेला. इथे लिहिते. सप्रेम जय भीम.

चौकात तू नव्हतीस. फ्लेक्स होता. दोन मजली घराएवढा. वर बाबासाहेबांचा फोटो, खाली जयंतीच्या शुभेच्छा, त्याखाली आपल्या मंडळाची सगळी पोरं गॉगल लावून, कानाला मोबाईल लावून. सोपान अध्यक्ष म्हणून त्याचं तोंड सगळ्यांत मोठं. आणि उजव्या कोपऱ्यात तू, बारावीच्या फॉर्मवरच्या फोटोत, दोन वेण्या घातलेली. तुझ्याखाली लिहिलं होतं: 'देशातील बड्या बड्या विद्यापीठांची आतली खबर देणाऱ्या पायरी या इंटरनेट पेपरच्या संपादिका, आमच्या भगिनी कु. प्रतीक्षा भागुजी रोकडे यांचे हार्दिक अभिनंदन.'

मी ते रस्त्याच्या कडेला उभी राहून पुन्हा पुन्हा वाचलं. तुझे आण्णा वाशीला टोमॅटोचा टेम्पो घेऊन जायचे, तेव्हा खोक्यात घालायला जुने पेपर आणायचे. ते मांडीवर घेऊन एकेक अक्षर लावत मी वाचायला शिकले. भागुजी रोकडे हे नाव मी तोवर सातबाऱ्यावर वाचलं होतं आणि मृत्यूच्या दाखल्यावर. एवढ्या मोठ्या अक्षरात कधीच नाही. ते असते तर टेम्पो आडवा लावून खाली उतरले असते.

तू गेल्या सुट्टीत कपिलच्या सायबर कॅफेत बसून लिहायचीस आणि त्याला बजावलं होतंस, कुणाला बोलू नको म्हणून. मी त्याला तेच विचारलं. तो म्हणतो, "बोललो कुठं मावशी? छापलं!"

पोरांच्या मनात वाईट नव्हतं. आपल्या वस्तीतलं कुणी इतक्या लांब जाऊन मोठ्या लोकांच्या बातम्या लिहितं, हे त्यांना झाकून ठेवायची गोष्ट वाटलीच नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटली नाही.

पुढचं तुला माहीत आहे. पुणे-नाशिक रस्त्याने जाणाऱ्या तुझ्याच विद्यापीठाच्या कुणीतरी मुलाने गाडी थांबवून त्या फ्लेक्सचा फोटो काढला आणि इंटरनेटवर टाकला. शेजारच्या लंकाबाईच्या फोनवर तुझा फोन आला तेव्हा तुझा आवाज मला ओळखू येईना.

"आई, ते आजच्या आज उतरवा. आता सगळ्यांना कळलंय, पायरी कोण चालवतं ते."

"मग कळू दे की. तू काय चोरी केलीस? वाईट का लिहितेस कुणाचं?"

तू फोन ठेवलास. तेव्हापासून तू लागत नाहीस.

सोपानने फ्लेक्स त्याच संध्याकाळी उतरवला. वाया कशाला घालवायचा म्हणून लंकाबाईने तो मागून घेतला. तुझा फोटो आता तिच्या कांद्यावर पांघरलेला आहे. हे वाचून तरी हस आणि फोन कर.

बेल्हे, ३ मे २००८

आरतीशी बोलले. तुझ्या खोलीत राहणारी मुलगी, म्हणून तिचा नंबर तूच मला दिला होतास. ती म्हणाली, "मावशी, ती बरी आहे. पत्र मिळालं तिला." मी म्हटलं, वाचलं का? तर म्हणाली, उशीखाली आहे. एवढं कळलं तरी पुष्कळ आहे.

आज लिहायचं कारण वेगळं आहे.

सोमवारी बाजाराच्या दिवशी दोन पाहुणे येऊन गेले. बाजार म्हटल्यावर गावात शंभर परकी माणसं असतात, टेम्पोवाले, बैलवाले, कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं. पांढरी गाडी आपल्या दारापर्यंत आली तरी कुणी मान वर केली नाही. पुढे कुशाबा होता. बैलांची दलाली करायचा तोच कुशाबा, आता पुढाऱ्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसतो.

"द्रौपदावैनी, पावणं लई लांबनं आल्यात. प्रतीक्षाच्या कालेजातनं. च्या टाका."

मी विचारलं, "पोरगी बरी हाय न्हवं?"

"बरीच हाय. तिचं बरं व्हावं म्हनूनच आल्यात."

एक जण गाडीपाशीच उभा राहिला. दुसरा आत आला. पन्नाशीचा, बारीक फ्रेमचा चष्मा, पांढरा शर्ट, बोलणं मधासारखं. हिंदी बोलत होता. ते मला टीव्हीमुळे कळतं, पण त्याला ते ठाऊक नसावं, कारण कुशाबा त्याचं सगळं मराठीत सांगत होता आणि अर्धं गाळत होता.

त्या माणसाने चहा दोनदा मागून घेतला. आण्णांचा फोटो बघून हात जोडले. त्यांना जाऊन किती वर्षं झाली ते मला न विचारता त्यानेच सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. आपली विहीर सामाईक आहे, वरचा तुकडा भावकीच्या नावावर आहे, हेही त्याला माहीत होतं. म्हणाला, तुमची मुलगी हुशार आहे, आमच्या विद्यापीठाची शान आहे. तिने मुलामुलींच्या गमतीजमती लिहाव्यात, आम्हीही वाचतो, आम्हीही हसतो. फक्त एक बातमी तिने काढून टाकावी. एकच. आईचं मुलगी ऐकते.

"कोणती बातमी?" मी कुशाबाला विचारलं.

"त्ये तुमाला काय करायचंय वैनी? एक बातमी. पुसून टाक म्हनायचं, झालं. वरीसभरात पोरगी पास व्हऊन साहेब व्हती का न्हाई बघा."

"आन न्हाई पुसली तर?"

कुशाबाने हे त्याला सांगितलं नाही. पण त्याला न सांगताही कळलं. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, मुलीची काळजी करू नका, तिची खोली चांगली हवेशीर आहे, खिडकीसमोरच कडुनिंब आहे.

प्रतीक्षा, तुझ्या खिडकीसमोर कडुनिंब आहे का? तू मला कधी बोलली नव्हतीस.

मी घाबरले नाही. हल्ली रात्री लंकाबाईकडे झोपते, पण ते उकाड्यामुळे. तिच्याकडे पंखा आहे.

बेल्हे, १० मे २००८

तू सांगत नाहीस, म्हणून मी स्वतःच वाचायला गेले. मला इंग्रजी येत नाही, पण कपिलला येतं. त्याने कॅफेतला कोपऱ्यातला कॉम्प्युटर मला दिला, बाहेर 'बंद आहे' अशी पाटी लावली आणि दुपारभर एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं.

आधी वरचं वर वाचलं. कोणत्या विद्यापीठात कुणाला किती पगाराची नोकरी लागली, कोणत्या सरांनी दुसऱ्याचा लेख आपल्या नावावर खपवला, कोणता मुलगा कोणत्या मुलीबरोबर कुठे दिसला. एका बाईंच्या खोट्या केसांवर तर तू पानभर लिहिलंयस. कपिल हसून हसून खुर्चीवरून पडायला आला. मला तेवढं हसू आलं नाही. आपल्या पाणवठ्यावर बायका हेच बोलतात, पण बोललेलं संध्याकाळपर्यंत विरून जातं. हे तसंच्या तसं राहतं, आणि ते वाचणारे कोण, हे लिहिणाऱ्याला दिसत नाही. चार मुली मिळून तुम्ही हे चालवता ना? चौघींत एकीला तरी हे सुचायला हवं होतं.

मग ती बातमी आली.

कपिल वाचता वाचता हळू झाला. रामदास नावाचा मुलगा. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरातला. ठाकर-कोळ्यांच्या वस्त्यांतून तुमच्या विद्यापीठात पोचलेला पहिलाच. विभागाच्या मोठ्या सरांनी सगळ्या वर्गासमोर त्याला म्हटलं, ही जागा तुझ्यासारख्यासाठी नाही. त्याने दोनदा लेखी तक्रार दिली, ती वॉर्डनने ठेवून घेतली. परीक्षेत नापास केल्यावर त्याची खोली काढून घेतली. फेब्रुवारीत तो गेला. घरच्यांना सांगितलं, गच्चीवर पाय घसरला. तू लिहिलंयस की पाय घसरला नव्हता, आणि हे तिथे सगळ्यांना माहीत आहे.

हे लिहायला छाती लागते. कपिलसमोर मी बोलले नाही, पण मनात म्हटलं, भागुजीची लेक शोभलीस.

मग एकच विचार डोक्यात घोळत राहिला. हे इंग्रजीत आहे. दिल्लीत वाचलं असेल, मुंबईत वाचलं असेल. त्याच्या आईने वाचलंय का?

काल मी गेले. गावाचं नाव बातमीत होतं. मंचरहून आहुप्याकडे जाणारी एसटी घेतली, ती धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने वर चढली. डोंगर सगळा राबाच्या धुराने भरलेला. भाताच्या रोपासाठी जमीन भाजतात ते दिवस. फाट्यावर उतरून विचारलं तर एका म्हाताऱ्याने लांबून बोट केलं. "त्यो शहरात मेला त्या पोराचं घर व्हय? त्ये काय."

त्याची आई सोनीबाई अंगणात हिरडे वाळत घालत होती. माझ्याच वयाची. बाप सावळेराम खुंटीवरचा सदरा घालून बाहेर आला आणि घोंगडी अंथरून दिली. मी सांगितलं, माझी मुलगी त्याच विद्यापीठात शिकते, कळलं म्हणून भेटायला आले. एवढंच सांगितलं. बाकी सगळं जिभेवर होतं, पण त्या दोघांची तोंडं बघून पुढे बोलवेना.

सावळेराम म्हणाला, "लई भली मानसं, बाई. पार गाडी करून आनून दिला आमचा पोरगा. गच्चीव पाय सरला म्हनं. आमच्या कड्याव कवा न्हाई सरला त्येचा पाय."

मग त्यानेच सांगितलं, त्या माणसांनी एका कागदावर त्याचा अंगठा घेतलाय, कुणाबद्दल तक्रार नाही असा.

मी उठले तेव्हा सोनीबाई वाटेपर्यंत आली. माझा हात धरून म्हणाली, "तुमच्या लेकीला इचारा ना, मावशे. पोटभर भात मिळत व्हता का त्याला? त्याला चपाती सोसत न्हाई. भाताबिगर त्याचं जेवान व्हत नाय. मी लई काळजी करायचे."

मी म्हटलं, विचारते.

म्हणून विचारते आहे, प्रतीक्षा. एवढ्याचं तरी उत्तर दे.

बेल्हे, १८ मे २००८

तुझं उत्तर आलं नाही. ते कुशाबाने आणून दिलं.

शुक्रवारी संध्याकाळी ते पुन्हा आले. या वेळी चहा नको म्हणाले. चष्मेवाल्याने दोन कागद काढले. एक मराठीत टाइप केलेला. रामदासबद्दलची बातमी माझ्या मुलीने ऐकीव गोष्टींवरून बनवून लिहिली, ती खोटी आहे, आई म्हणून मी तिला ती काढायला लावते, असं त्यात होतं. खाली माझ्या सहीची जागा. दुसरा कागद इंग्रजीत.

"त्यो बी वाचून घ्या," कुशाबा म्हणाला. "तुमी तर काय, वाचनाऱ्या बाई. कपिलला बोलवा हवं तर."

मी बोलावलं. कपिलने कागद हातात घेतला आणि मनातल्या मनात वाचून पुन्हा घडी घातली.

"वाच," मी म्हटलं.

"मावशी, ऱ्हाऊ दे."

"वाच म्हनते ना."

ते पायरीवरचंच होतं. ऑगस्टमधलं. नंतर काढून टाकलेलं, पण कुणीतरी छापून ठेवलं होतं. मेसमधल्या एका मुलावर लिहिलेलं. तो किती वेळा भात घ्यायला उठतो, हाताने कसा कालवतो, पुढच्या खेपेला पातेल्यासकट उचलून नेईल. वर मागून काढलेला त्याच्या पाठीचा फोटो. कोण किती वेळा उठतो त्यावर पैजा लावा, असं आवाहन. खाली मुलामुलींनी लिहिलेलं, हसण्याचं. एकाने लिहिलं होतं की आता तो उठला की सगळी मेस टाळ्या वाजवते. त्याखाली सप्टेंबरमध्ये कुणी लिहिलंय: हल्ली भातवाला जेवायलाच येत नाही, पैजा बंद.

चष्मेवाला शांतपणे म्हणाला, आमच्याकडून कुणी वागण्यात चुकलं असेल, माँजी, पण सुरुवात कुणी केली? उद्या संध्याकाळपर्यंत सही नाही झाली, तर हा कागद आम्ही स्वतः त्या आईबापाला नेऊन वाचून दाखवू. मग तुमची मुलगी आणि ते, बघून घेतील. आणि सही झाली तर हा कागद कुणीच बघणार नाही.

त्याने दोन्ही कागद आण्णांच्या फोटोखाली ठेवले आणि गेला. कुशाबा दारात घुटमळला. "वैनी, सही करा. आपल्या पोरीचं बगावं मानसानं. मेलेलं काय उठून येतंय व्हय?"

तो गेल्यावर मी आरतीला फोन लावला. विचारलं, ते भाताचं कुणी लिहिलं? चौघींपैकी कुणी?

"मावशी..."

"नाव सांग, बाळा. मी ओरडत नाही."

ती रडायला लागली. म्हणाली, "तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही, मावशी. सगळे हसले. त्याआधी प्रतीक्षावरच हसायचे, तिच्या इंग्रजीवर, तिच्या डब्यावर. ते लिहिल्यावर थांबले. तिला तेव्हा खूप बरं वाटलं होतं."

"आन आता?"

"आता ती मेसमध्ये जात नाही."

प्रतीक्षा, मी तुला रागवायला हे लिहीत नाही. रागवायचं ते रात्रभर मनात रागावून झालं. आपल्या वस्तीला कुणी हसलं तर तू सातवीत असताना दगड उचलला होतास. मला कळलं, की तुझ्यावर हसू नयेत म्हणून तू त्यांना दुसरं माणूस दाखवलंस. आणि तो गेल्यावर तुला झोप येईना, म्हणून तू मोठ्या सरांचं आणि वॉर्डनचं खरं खरं लिहिलंस. ते खरंच आहे. पण तुझं स्वतःचं तेवढं पुसलंस. मग तुझं खरं अर्धंच राहिलं, आणि उरलेल्या अर्ध्याची दोरी त्या माणसाच्या हातात गेली. तो ती आयुष्यभर ओढत राहील. आज बातमी काढ म्हणेल, उद्या आणखी काही. तुला पास करेल, नोकरी देईल आणि खिडकीसमोरचा कडुनिंब दाखवत राहील.

सही करावी असं माझ्या मनात आलं नाही, असं नाही. आलं. कागद मी दिव्याजवळ नेला होता. लंकाबाईने पेनही आणून दिलं. ती म्हणाली, "कर गं बाय. एकलीच लेक हाय तुझी." मी विचार करत होते, तिकडे डोंगरात एका बाईला वाटतंय की भल्या माणसांनी तिचा मुलगा गाडी करून आणून दिला. तिला खरं कळेल ते याच्या तोंडून, असं वाचून दाखवलेलं, की त्यात फक्त माझी मुलगी असेल आणि बाकीचे सगळे सुटतील. किंवा तिला काहीच कळणार नाही, आणि मी जिवंत असेपर्यंत बाजाराच्या दिवशी दारात गाडी थांबली की उठून उभी राहीन.

तुझे आण्णा असते तर काय म्हणाले असते, ते मी शोधत बसले नाही. ते नाहीत. मी आहे.

सोनीबाई तुला शिव्या देईल. कदाचित सावळेराम पोलिसात जाईल, आणि तिथे तुझंही नाव लिहिलं जाईल. तुझं शिक्षण राहील की जाईल, मला ठाऊक नाही. तू यापुढे मला आई म्हणशील की नाही, हेही ठाऊक नाही. हे सगळं मी रात्री समोर मांडून बघितलं. कागदावर सही न करता दोन्ही घड्या करून पिशवीत घातले.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या गाडीने मंचरला गेले, तिथून वर डोंगरात गेले, आणि सोनीबाई आणि सावळेरामच्या पुढे बसून तू लिहिलेलं दोन्ही सांगितलं. भाताचं आधी सांगितलं. ते माझ्या मुलीने लिहिलं, हे तुझं नाव घेऊन सांगितलं.